दोनच सीटांची गाडी

ती लाल गाडी मी घरी आणली त्या दिवशी सोसायटीतलं झाडून सगळं माणूस ती बघायला खाली आलं, आणि झाडून सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "दोनच सीटा?" जणू उरलेल्या दोन मी वाटेत कुठे पाडून आलो होतो. मी प्रत्येकाला शांतपणे सांगत होतो की ही स्पोर्ट्स कार आहे, हिला दोनच असतात, आणि आमच्या घरात माणसंही दोनच आहेत. त्यावर ते "हो का" म्हणायचे. "हो का" एवढं नीट म्हणता आलं की माणसाला दुसरी शिवी शिकायची गरज पडत नाही.

गाडी अर्थात जुनी होती. नवी घेण्याची ऐपत असती तर मी विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नामंजूर करण्यात जन्म घालवला नसता. पण जुनी असली तरी काय गाडी होती. लांबुळकं नाक, मागे दुमडणारं छत, आणि चालू केली की छातीत घुमणारा आवाज. आमच्या बायकोनं तो आवाज ऐकून "हिला खोकला झालाय का?" असं विचारलं, ते मी मनावर घेतलं नाही.

खरं तर त्या वर्षी स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा ठरला होता. ओट्याचा दगड कडेला फुटला होता आणि बायको कितीतरी दिवस त्या फुटक्या कडेवर कोपर आपटून घेत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि त्याच वर्षी निवृत्त होणार होती. ओट्याऐवजी मी गाडीचं बोललो तेव्हा तिनं ओट्याच्या फुटक्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "घ्या. पण एकच करायचं. माझ्या शेवटच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मला न्यायला यायचं, या गाडीतून, छत उघडं टाकून. सगळी नोकरी त्या फाटकातून बाहेर पडून समोरच्या बस स्टॉपवर उभी राहिलेय मी. शेवटच्या दिवशी मला त्या स्टॉपवर उभं राहायचं नाही."

एवढंच. तिनं दागिना मागितला असता तर मी वाद घातला असता. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "अगं, त्यात काय."

"त्यात काय" हे शब्द मी तेव्हापासून वापरायचे बंद केले आहेत.

गाडी ठेवायची कुठे, हा पहिला घोळ. आवारातल्या सपाट जागा सगळ्या वाटून झालेल्या होत्या. त्यातल्या एका जागेवर तर पहिल्या मजल्यावरच्या बाईंचं कपाट उभं आहे, पण कपाट जुनं सभासद असल्यामुळे त्याला हलवता येत नाही, असं सेक्रेटरींनी मला समजावून सांगितलं. मला मिळाला तो तळघरात जाणाऱ्या रस्त्याचा उतार. म्हणजे गाडी रिव्हर्समध्ये खाली सोडायची आणि अर्ध्या उतारावर, नाक आभाळाकडे करून, हँडब्रेकच्या भरवशावर उभी करायची. "स्पोर्ट्स कार आहे ना, तिला चढउतार आवडतात," सेक्रेटरी म्हणाले. हा माणूस जन्मात सायकलवर बसलेला नाही.

जुन्या गाडीची निगा राखावी लागते. मी दर रविवारी सकाळी आंघोळ करून खाली जायचो, बॉनेट उघडायचो आणि इंजिनातल्या तेलाची पातळी बघायचो. त्यासाठी इंजिनात एक लांब पातळ पट्टी खोचलेली असते, तिला गॅरेजवाले गेज म्हणतात. ती काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का ते बघायचं. पहिल्याच रविवारी तेल खालच्या खुणेच्याही खाली निघालं. मी हळहळलो, डबा आणला आणि थोडं तेल ओतलं. पुढच्या रविवारी परत कमी. परत ओतलं. मूल हडकुळं असलं की आई कशी येताजाता भरवते, तसं माझं चाललं होतं.

अशाच एका रविवारी बायको चहाचा कप घेऊन खाली आली होती. थोडा वेळ उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "अहो, गाडी तिरकी उभी आहे ना? मग ती पट्टी बरोबर कशी सांगेल?"

मी तेव्हा वाकलेलो होतो. वाकलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, एवढं तारतम्य शिक्षकांना नसतं. मी म्हटलं, "ही गाडी आहे, तुझी प्रयोगशाळा नव्हे. कप ठेव तिथे." तिनं कप ठेवला आणि ती वर गेली. ती वर्गात एकच गोष्ट दहादा सांगायची, घरी दुसऱ्यांदा सांगत नाही.

आणि मग गाडी गळायला लागली. गाडीखाली आधी वाटीएवढा काळा डाग दिसला. मग ताटाएवढा. मग त्या डागातून एक ओघळ उतारावरून निघाला आणि तळघराच्या तोंडाशी जाऊन थांबला. सोसायटीतल्या प्रत्येकानं मला जिन्यात गाठून तीच म्हण ऐकवली: "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं." प्रत्येकाला वाटत होतं की ही त्यालाच पहिल्यांदा सुचली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर ती म्हणून दाखवल्यावर मला टाळी मागितली. मी दिली. काय करणार, वयाचा मान.

सेक्रेटरींनी समिती बसवली. समितीनं दोन ठराव एकमतानं मंजूर केले. पहिला, तेल गळणारं वाहन आवारात उभं करता येणार नाही. दुसरा, फाटकापर्यंत नुकतीच नवी फरशी घातली असल्यामुळे तेल गळणारं वाहन तिच्यावरून नेता येणार नाही.

"म्हणजे गाडी ठेवायचीही नाही आणि हलवायचीही नाही?" मी विचारलं.

"दोन्ही ठराव स्वतंत्र आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "एकत्र वाचू नका."

"मग मी करू काय?"

"ते समितीच्या कक्षेत येत नाही."

शेवटी तोडगा बायकोनं काढला. तिनं आमची मोठी परात आणून गाडीखाली सरकवली. तिच्या आईनं दिलेली परात होती. उतारावर ती घसरायची, म्हणून खालच्या कडेला वीट लावली. त्यानंतर माझ्या दिवसाची सुरुवात परात रिकामी करण्यानं होऊ लागली. ऑफिसात टाय लावून बसणारा माणूस रोज सकाळी तेलाची परात हातात धरून आवारातून चालला आहे, हे दृश्य बघायला लोक मुद्दाम चहा घेऊन खिडकीत येत. मी कुणाकडे बघत नसे.

या टप्प्यावर गळतीकाका माझ्या आयुष्यात शिरले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. गावात पाणी कधी वेळेवर आलं नाही ते यांच्याच काळात, पण गळती या विषयावर त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडायचं नाही. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, दोन्ही गुडघे कडकड वाजवत उठले आणि म्हणाले, "थेंब पडतो तिथे गळती नसते. गळती वरती असते. माग काढावा लागतो. पावडर आहे घरी?"

पावडर म्हणजे अंगाला लावायची. बायकोचा नवाकोरा डबा होता. आम्ही इंजिन रॉकेलनं धुऊन, पुसून, त्याच्यावर सगळा डबा पालथा केला. कल्पना अशी की गाडी चालू केली की जिथून तेल येतं तिथे पावडर ओली होईल. गाडी चालू केली. इंजिनाच्या पंख्यानं एका दमात सगळी पावडर उचलली आणि काकांच्या तोंडावर मारली. काका पांढरे, मी पांढरा, शेजारी वाळत घातलेले कुणाचे तरी कपडे पांढरे. इंजिन तेवढं जसंच्या तसं काळं. "वारा उलटा होता," काका म्हणाले.

मग त्यांनी दुसरी युक्ती आणली. तेलात एक रंग टाकायचा, आणि जांभळ्या दिव्याखाली बघितलं की गळतीची जागा हिरवी चमकते. पण त्याला अंधार लागतो, आणि रात्री काकांना दिसत नाही. म्हणून आम्ही भर सकाळी उघड्या बॉनेटवर रजई टाकली आणि दोघं दिवा घेऊन रजईखाली शिरलो. आत उकडत होतं. काकांच्या श्वासाला कांद्याचा वास होता. बाहेरून काय दिसत असेल याचा विचार आम्ही केला नव्हता, रजईखालून बाहेर आलेले चार पाय आणि मधूनमधून "अजून वर... नाही, खाली... हां, इथे ओलं आहे" असे आवाज. रजई बाजूला केली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बाई नातीचा हात धरून वेगानं आत जात होत्या. आणि निष्पन्न काय, तर सगळंच इंजिन हिरवं चमकत होतं. वर, खाली, पुढे, मागे. "एवढ्या ठिकाणाहून गळताना मी पाण्याची टाकीसुद्धा बघितलेली नाही," काका आदरानं म्हणाले.

घरचं झालं थोडं, म्हणून मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ. याला जगातलं सगळं येतं, आणि मुख्य म्हणजे ते येतं असं वाटतं. त्याच्या घरापुढे अंगण आहे, टेबलासारखं सपाट, आणि त्या अंगणाइतकाच त्याचा स्वभाव मोकळा आहे असं सासूबाई सांगत. तो म्हणाला, "भाऊजी, हे तुमचं काम नाही. इंजिन उतरवावं लागणार." आणि त्यानं मला त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेलं. नव्या फरशीवरून गाडी नेताना तिच्या पोटाखाली परात दोरीनं बांधली होती. समितीचे दोन सदस्य मागून चालत आले, थेंब पडतो का बघायला. यापेक्षा सन्मानानं लोकांच्या अंत्ययात्रा निघतात.

गॅरेजवाला पांढरा कोट घालतो, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि तोही तसाच वागतो. आपण बोलू लागलो की घड्याळाकडे बघतो. त्यानं आधी इंजिनातलं तेल खाली काढलं. तेल येतच राहिलं. "भरपूर निघालं हो," तो म्हणाला.

"काळजी घेतो मी गाडीची," मी म्हटलं. मला बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तरी चांगलं बोललं होतं.

त्यानं इंजिन उतरवलं, तेल अडवणारं पुढचं सील, मागचं सील, वरचं पॅकिंग, खालचं पॅकिंग, जे जे बदलता येतं ते ते बदललं आणि मापानं नवं तेल भरलं. गाडी त्याच्या शेडमध्ये कितीतरी दिवस उभी होती. खाली पसरलेला पांढरा कागद कोरा राहिला. मी तो कागद घडी करून घरी आणला आणि बायकोला दाखवला. तिनं तो माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवला, आणि त्या संध्याकाळी शेवटच्या दिवशी कुठले कपडे घालायचे ते काढून बघत बसली. केसांना रुमाल बांधावा लागेल, छत उघडं असलं की केस उडतात, असंही म्हणाली. ती इतकी खूश मी ओट्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हाच बघितली होती.

गाडी घरी आली. उतारावर लागली. रविवार उजाडला. मी गेज काढलं आणि माझं डोकंच फिरलं. तेल खालच्या खुणेच्या खाली.

मी तडक गॅरेज गाठलं आणि दहा गिऱ्हाइकांसमोर डॉक्टरला विचारलं की मापानं भरलेलं तेल कुठे गेलं. तो म्हणाला, पुरतं भरलंय. मी म्हटलं, पट्टी खोटं बोलते का? तो म्हणाला, साहेब, मी चोर आहे असं म्हणायचंय का तुम्हाला? मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, पट्टी म्हणतेय. विमा कंपनीत आम्ही असंच बोलतो. आम्ही काही म्हणत नाही, कागद म्हणतात. त्यानं कोट काढून खुंटीला टांगला आणि मला सांगितलं की यापुढे त्याच्या दारात गाडी आणू नये. मी घरी आलो आणि तेल ओतलं. थोड्याच दिवसांत परात पुन्हा भरू लागली. मी लोकांना सांगत सुटलो की त्यानं जुनीच सीलं परत बसवली. गळतीकाकांनी मान डोलावली. त्यांनी खात्यात हेच बघितलं होतं.

बायकोनं परातीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी येईल ना ती फाटकापर्यंत?"

"येईल म्हणजे काय. मी आहे ना," मी म्हटलं.

तो दिवस आला. ती सकाळी बसनं गेली, ठेवणीतले कपडे घालून, पिशवीत रुमाल घेऊन. दुपारी मी गाडी पुसली, छत मागे टाकलं, आणि गेज काढून बघितलं. कमी. म्हटलं, आज कसलीही जोखीम नको, आज भरपूर असू दे. आणि डब्यात होतं नव्हतं ते सगळं तेल इंजिनात ओतलं.

निम्म्या रस्त्यात मागून निळा धूर यायला लागला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं नाकाला रुमाल लावला. पुढच्या चौकात गाडी आचके देऊ लागली. मी तिला चुचकारत होतो, चल बाई, चल, एवढं एक वळण. ते एक वळण ती वळली. शाळेचं फाटक दिसलं. फाटकात मुख्याध्यापिका, सगळे शिक्षक, शिपाई, पोरं, सगळे उभे होते. बायकोनं सांगून ठेवलं होतं सगळ्यांना. ती मधोमध होती, हातात फुलांचा गुच्छ, केसांना रुमाल बांधलेला.

गाडीनं एक मोठा आचका दिला, धुराचा लोट सोडला आणि ती रस्त्याच्या अलीकडे बंद पडली. मी मान वर करून बघितलं. बरोबर बस स्टॉपसमोर.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असाच कार्यक्रम आहे. शिपाई आग विझवायचा लाल नळकांडं घेऊन धावत आला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं बॉनेटवर आणि माझ्यावर पांढरी भुकटी मारली. त्या गाडीपायी मी दुसऱ्यांदा पांढरा झालो. बायको रस्ता ओलांडून आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सील गेलं वाटतं." तिनं डोक्याचा रुमाल सोडला, घडी केला, पिशवीत ठेवला, आणि स्टॉपच्या खांबाशी, तिच्या नेहमीच्या जागी, जाऊन उभी राहिली. मागून बसवाला हॉर्न मारत होता, कारण त्याच्या जागेवर मी होतो. बस माझ्या पुढे जाऊन थांबली. ती चढली. खिडकीतून गुच्छ दिसत होता.

गाडी ओढून न्यायला कुणी येईपर्यंत मला तिथेच थांबायचं होतं. लोक बघत होते, म्हणून काहीतरी करतोय असं दाखवायला मी बॉनेट उघडलं आणि सवयीनं गेज काढलं. पुसलं, घातलं, परत काढलं. तेल वरच्या खुणेच्या वर होतं. नुसतं वर नाही, पट्टीच्या मुठीपर्यंत. मला वाटलं, चुकलं माझं काही. परत पुसलं, परत काढलं. तेच.

मी रस्त्याकडे बघितलं. रस्ता सपाट होता.

मग मला सगळं समजलं. नाक वर करून उभ्या गाडीत तेल मागच्या अंगाला जमतं आणि पुढच्या पट्टीला लागतच नाही. तेल कधी कमी नव्हतंच. मी दर रविवारी, आंघोळ करून, प्रेमानं, भरलेल्या इंजिनात तेल ओतत होतो आणि त्याला मावेना तेव्हा ते मिळेल त्या फटीतून बाहेर पडत होतं. गळती इंजिनात नव्हती. अशा दाव्यावर मी ऑफिसात काय शेरा मारतो तो मला पाठ आहे: "नुकसान दावेदाराच्या स्वतःच्या कृतीमुळे. नामंजूर."

घरी परत गेलो तर गुच्छ फुटक्या ओट्यावर एका तांब्यात ठेवलेला होता. "काय झालं होतं गाडीला?" तिनं विचारलं. आता बघा, खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात डॉक्टर चोर ठरत नव्हता, काका मूर्ख ठरत नव्हते, सगळं माझ्याच एकट्याच्या अंगावर येत होतं. शिवाय तो चहाचा कप होता, आणि त्या कपाबरोबर आलेला तिचा प्रश्न. मी म्हटलं, "सीलच. जुनी गाडी, दुसरं काय."

ती "हो का" म्हणाली.

गाडी मेहुणा घेऊन गेला. "भाऊजी, पडून राहण्यापेक्षा माझ्याकडे असू दे." मी नाही म्हणू शकलो नाही, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. त्यानं जुनं तेल काढून मापाचं भरलं आणि गाडी आपल्या त्या टेबलासारख्या अंगणात लावली. त्यानंतर ती थेंबभरही गळली नाही. आता सासरच्या कुठल्याही समारंभात तो विषय निघतो. भाऊजींना जे इतक्या दिवसांत जमलं नाही ते यानं हात लावताच केलं, हाताला गुण असतो एकेकाच्या. मी माझ्या ताटाकडे बघत जेवतो. बोललो तर मूर्ख, गप्प बसलो तर नुसताच कमनशिबी. मी कमनशिबी राहणं पसंत केलं आहे.

परवा ऑफिस सुटल्यावर मी बस स्टॉपवर उभा होतो. गर्दी होती, उकडत होतं. लांबून ओळखीचा आवाज आला, छातीत घुमणारा. लाल गाडी आली, छत उघडं, मेहुणा चालवत होता आणि शेजारी आमची बायको. डोक्याला तोच रुमाल. सिग्नल लाल झाला आणि गाडी बरोबर माझ्यासमोर थांबली. रांगेतले सगळे आधी गाडीकडे आणि मग तिच्याकडे बघत होते. ती हसत होती. तिनं मला बघितलं तेव्हाही ती हसतच होती, हे मी नमूद करतो.

"बसा म्हटलं असतं हो," ती म्हणाली, "पण दोनच सीटा आहेत."

सिग्नल हिरवा झाला. मेहुणा गाडी पुढे काढत असताना ती त्याला सांगत होती, आणि इतक्या मोठ्यानं, की मला नीट ऐकू यावं. "आज आमच्याकडे जेवायलाच थांब. फक्त गाडी उतारावर लावू नकोस. आणि लावलीसच, तर तिथे तेल बघायला जाऊ नकोस बाबा."

माझी बस आली. बसायला जागा नव्हती. मी उभ्यानं घरी गेलो.